बुद्धि आहे, पण बैठक नाहीं

“बुद्धि आहे, पण बैठक नाहीं,” हा शेरा शाळांच्या प्रगतिपुस्तकांवर आजवर किती वेळां लिहिला गेला असेल याची गणती नाहीं. लिहिणाऱ्या शिक्षकास तो न्यायाचा वाटतो. आईबापांस तो अर्धा गौरवाचा आणि अर्धा काळजीचा वाटतो. परंतु ज्याच्या नांवापुढें तो लिहिला जातो त्या विद्यार्थ्याच्या मात्र त्यांतून कांहींच हातीं लागत नाहीं. बैठक म्हणजे नेमकें काय, ती कोठून आणावयाची, आणि शेजारच्या बांकावरील मुलास ती आपोआप कशी लाभली, याचा उलगडा त्या शेऱ्यांत नसतो. प्रस्तुत लेखांत आम्ही या बैठकीचाच विचार करणार आहों. आणि तोहि परीक्षेच्या गुणांच्या दृष्टीनें नव्हे, तर लेखन, चित्रकला, संगीत इत्यादि नवनिर्मितीच्या दृष्टीनें. कारण अशा मनाचें खरें नुकसान तेथें होतें असें आमचें मत आहे. नापास झालेल्या मुलाकडे सर्वांचें लक्ष जातें. अर्ध्यावर राहिलेल्या गोष्टीकडे, चित्राकडे किंवा चालीकडे कोणाचेंच जात नाहीं.

वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असें एखादें मूल, आणि नीट पाहिल्यास असें एखादें मोठें माणूसहि, असतेंच. वहीचीं पहिलीं तीन पानें मोत्यासारख्या अक्षरांत, चौथ्यावर विमान, आणि पांचव्यापासून पुढें कोरा कागद. गणपतीच्या मखराची कल्पना सर्वांत सुंदर ती याची. परंतु कात्री, कागद व खळ पसरून ठेवून स्वारी मध्येंच कोठें नाहींशी होते आणि रात्रीं बारा वाजतां मखर पुरें करणारे दुसरेच असतात. दूध उतूं जातें, पत्र टपालांत पडत नाहीं, चष्मा कपाळावर असतां घरभर शोध चालतो. आणि हाच मनुष्य एखाद्या दिवशीं जुनी बाजाची पेटी उघडून तिचे सूर दुरुस्त करावयास बसला कीं जेवणाची हांक सात वेळां मारली तरी त्याच्या कानीं पडत नाहीं. यावरून वडील मंडळी एक अनुमान काढतात: मनांत आणलें तर जमतें, म्हणजे एरव्हीं हा मनांत आणीत नाहीं. अनुमान तर्काला धरून दिसतें खरें, पण तें चुकीचें आहे, आणि त्यानें पुष्कळ घरांत अनर्थ केला आहे. अवधान या माणसांपाशीं नसतें असें नाहीं. तें हुकुमाचें ताबेदार नसतें.

या स्थितीस हल्लीं अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, संक्षेपानें एडीएचडी, म्हणतात. नांव नवें असलें तरी निरीक्षण जुनें आहे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनीं १७९८ सालींच आपल्या ग्रंथांत अवधान व त्याचे विकार यांवर एक प्रकरण लिहिलें. पुढें जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनीं १९०२ मध्यें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढें दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचीं वर्णनें केलीं. मुलांची बुद्धि शाबूत असल्याचें त्यांनीं नमूद केलें, परंतु दोष मात्र नैतिक संयमाचा मानला. वैद्यालाहि तेव्हां असेंच वाटत होतें, मग घरच्यांस काय दोष द्यावा! अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या रोगनिदानग्रंथांत १९८० सालीं अवधानाच्या न्यूनतेला नांवांत स्थान मिळालें, आणि सध्यांचें नांव १९८७ पासूनचें आहे. शंभर मुलांत सुमारें पांच व शंभर प्रौढांत सुमारें दोन-तीन असें याचें प्रमाण धरतात. आनुवंशिकतेचा वांटा यांत फार मोठा आहे. म्हणूनच मुलाची तपासणी चालू असतां डॉक्टरांचे प्रश्न ऐकून शेजारीं बसलेल्या बापानें किंवा आईनें दचकावें, असे प्रसंग पुष्कळ घडतात. मुलींत हा दोष बहुधा धांवपळीच्या रूपानें दिसत नाहीं, तंद्रीच्या रूपानें दिसतो. शांत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाहीं, आणि त्यामुळें तिच्याकडे कोणी पाहतहि नाहीं.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांस हा विकार ठाऊकच होता, असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्ही तसें म्हणणार नाहीं. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा पांच भूमि सांगितल्या आहेत, त्या मनुष्यमात्राच्या चित्ताच्या आहेत, रुग्णाच्या नव्हेत. परंतु त्या भाष्यावर टीका लिहितांना वाचस्पतिमिश्रांनीं क्षिप्त आणि विक्षिप्त यांत जो बारीक भेद दाखविला आहे तो येथें फार उपयोगीं पडतो. क्षिप्त चित्त सदैव भिरभिरतें. विक्षिप्त चित्त बहुतेक वेळ भिरभिरत असलें तरी मधून मधून स्थिरावतें. (मराठींत या शब्दाला तऱ्हेवाइकाचा अर्थ चिकटला, हें त्या शब्दाचें दुर्दैव होय.) ज्यांच्याविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांचें सगळें भांडवल म्हणजे ही मधून मधून येणारी स्थिरता. ती बोलावून येत नाहीं. प्रश्न इतकाच उरतो कीं, ती येईल त्या घटकेला मनुष्य आपल्या कामाजवळ असेल कीं किल्ल्या शोधीत असेल?

हा प्रश्न सोडविण्यापूर्वीं एका उलट्या भ्रमाचा समाचार घेणें अवश्य आहे. अलीकडे असें बोलण्याची प्रथा पडली आहे कीं, हा दोष नसून प्रतिभेचें लक्षणच होय. लिओनार्दो दा विंचीच्या मृत्यूस पांचशें वर्षें झालीं त्या २०१९ सालीं, त्यालाहि हाच विकार असावा असा तर्क लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील मार्को कातानी आणि त्यांचे सहलेखक यांनीं ‘ब्रेन’ या नियतकालिकांत मांडला. लिओनार्दोनें कामें अर्धवट सोडलीं हें खरें. पण मृत मनुष्याची नाडी पाहणें आम्हांस कांहीं पटत नाहीं. जिवंत माणसांवरील संशोधन अधिक बोलकें आहे. होली व्हाइट व प्रीति शाह या संशोधिकांनीं २००६ सालीं असें दाखविलें कीं, साध्या वस्तूचे नाना अनपेक्षित उपयोग सुचविण्यांत हे लोक इतरांच्या पुढें जातात, परंतु अनेक सूत्रांतून एकच नेमकें उत्तर काढण्यांत मागें पडतात. पुढें २०२० सालीं मार्टीन होगमन आणि त्यांचे सहकारी यांनीं अशा ३१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ज्यांच्यांत हीं लक्षणें पुष्कळ आहेत पण विकाराचें निदान होण्याइतकीं नाहींत, त्यांच्यांत कल्पनांची सुबत्ता बहुधा आढळली. प्रत्यक्ष निदान झालेल्यांत ती अधिक असल्याचें ठरलें नाहीं. तरीहि निर्मितीची हौस व प्रत्यक्ष कामगिरी दोन्ही गटांत पुष्कळ दिसली. म्हणजे दोषामुळें प्रतिभा येत नाहीं आणि दोषामुळें ती जातहि नाहीं. प्रतिभा असलीच, तर ती कागदावर उतरण्याची वाट मात्र दोषामुळें अडते.

डेव्ह पिल्की या अमेरिकन लेखक-चित्रकाराचें उदाहरण सुप्रसिद्ध आहे. ओहायो प्रांतांत लहानाचे मोठे झालेल्या या गृहस्थांस बालपणीं अवधानदोष आणि वाचनदोष दोन्ही होते. वर्गांत गडबड करतात म्हणून त्यांचें बांक बाहेर व्हरांड्यांत नेऊन ठेवीत. तेथें बसून त्यांनीं चित्रकथा काढल्या, आणि ‘कॅप्टन अंडरपँट्स’ हें पात्र त्या व्हरांड्यांतच जन्मास आलें. त्याचें पहिलें पुस्तक १९९७ सालीं प्रसिद्ध झालें व पुढें जगभर गेलें. शिक्षा करण्याची ही रीत चांगली असें सांगण्यासाठीं आम्ही हें उदाहरण देत नाहीं. आम्ही लक्ष वेधतों तें याकडे कीं, त्या मुलाला नकळत तीन वस्तु मिळाल्या: ठरलेली जागा, हाताशीं कागद-पेन्सिल, आणि रोजचा ठरलेला काळ. शिक्षेऐवजीं आदरानें याच तीन वस्तु देतां आल्या तर?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका हजार-अकराशें वर्षांपूर्वींच्या संस्कृत ग्रंथांत सांपडलें, आणि तें वाचकांस सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. राजशेखर हा कवि कनोजच्या प्रतिहार राजांच्या दरबारीं इ. स. ९०० च्या सुमारास होता. परंतु त्याचें घराणें आपल्याकडील, कारण पणजोबा अकालजलद याला त्यानें महाराष्ट्राचा चूडामणि म्हटलें आहे. त्याची ‘काव्यमीमांसा’ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत पहिलें पुस्तक म्हणून १९१६ सालीं छापली गेली. तींत एक वाद दिला आहे. श्यामदेव नांवाचा आचार्य म्हणतो कीं, काव्यकर्मांत मुख्य काम समाधीचें, म्हणजे मनाच्या एकाग्रतेचें. मंगल म्हणतो, नव्हे, मुख्य काम अभ्यासाचें, म्हणजे खंड न पडूं देतां केलेल्या सरावाचें. राजशेखराचा निर्णय असा कीं, समाधि हा आंतला प्रयत्न होय, अभ्यास हा बाहेरचा. आणि मूळची शक्ति प्रकट होते ती या दोहोंच्या योगानें.

ध्यान आणि संवय यांची जोडी याहून नेमकी कोणी सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. आमचें म्हणणें त्यांत एवढेंच कीं, ज्याचें चित्त विक्षिप्त आहे त्यानें क्रम उलटा धरावा. आंतला प्रयत्न हाच त्याचा दुबळा अवयव. तेव्हां आधीं बाहेरचा भक्कम करावा व त्याच्या आधारानें आंतला हळूहळू वाढवावा. “मन लाव म्हणजे काम होईल,” असें त्याला सांगणें म्हणजे लंगड्यास “आधीं धांव, मग काठी देऊं” म्हणण्यासारखें आहे.

हा बाहेरचा प्रयत्न कसा रचावा याचा तपशील राजशेखरानें इतक्या प्रेमानें दिला आहे कीं वाचतांना गंमत वाटते. कवीच्या दिवसाचे व रात्रीचे त्यानें चार चार प्रहर पाडले आहेत. पहांटे उठून संध्या व सरस्वतीचें स्तवन झालें कीं पहिल्या प्रहरीं अध्ययन. दुसऱ्या प्रहरीं काव्यरचना. मध्यान्हीं स्नान-भोजन, आणि मग मित्रमंडळींत काव्यगोष्ठी, कोडीं, समस्यापूर्ति. चौथ्या प्रहरीं सकाळीं जें लिहिलें त्याची परीक्षा. रचनेच्या आवेशांत विवेकाची दृष्टि नसते, म्हणून जास्त झालेलें काढावयाचें, कमी पडलेलें भरावयाचें, हें काम त्यानें मुद्दाम निराळ्या वेळेवर टाकलें आहे. रात्रीचे मधले दोन प्रहर त्यानें गाढ झोंपेस दिले आहेत, हेंहि आजच्या जागरणप्रिय मंडळींनीं वाचावें; कारण अवधानदोष असलेल्या कित्येकांची झोंप मुळांतच उशिरा येणारी असते आणि अपुऱ्या झोंपेनें दोष दुणावतो.

पण आम्हांस सर्वांत आवडलें तें त्यानें केलेलें साहित्याचें वर्णन. फळी व खडू असलेली पेटी, लेखण्या व दौती, ताडपत्रें किंवा भूर्जपत्रें, लोखंडी टोंचण्या, आणि स्वच्छ सारवलेल्या भिंती, हें सर्व कवीपाशीं सदैव हजर असावें असें तो म्हणतो. भिंती कशाला? तर सुचलेली ओळ कागद शोधण्याच्या आंत विरून जाऊं नये म्हणून! शिवाय त्याचे परिजन असे असावेत कीं, खूण होतांच मुके व्हावेत. आणि तसे नसतील तर त्यानें एकांतांत जावें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस ही अट किती अवघड आहे हें आम्ही सांगावयास नको.

तथापि ती अगदींच अशक्य नाहीं. वाई येथील एका जुन्या वाड्यांतील कुटुंब आमच्या परिचयाचें आहे. त्या घरच्या सूनबाईंस लग्नापूर्वीं मुलांसाठीं गोष्टी लिहिण्याचा नाद होता. संसारांत पडल्यावर तो सुटला, आणि विसराळूपणाबद्दल बोलणीं मात्र रोजचीं झालीं. छत्तिसाव्या वर्षीं मुलाच्या निमित्तानें डॉक्टरांकडे जाणें झालें, तेव्हां मुलाबरोबर त्यांचेंहि निदान झालें. त्यांच्या ट्रंकेंत तेव्हां अकरा गोष्टींचे आरंभ आणि एका गोष्टीचा शेवट होता. निदानाचा परिणाम प्रथम वाईटच झाला. “आपल्याच्यानें कांहीं होणार नाहीं हें आतां डॉक्टरांनींहि सांगितलें,” असें म्हणून त्यांनीं त्या वह्या रद्दींत काढल्या. रद्दीवाला तागडी घेऊन दारांत उभा असतां सासूबाईंनीं गठ्ठा सोडवून त्या परत घरांत नेल्या. त्या माउलीनें अवधानावर एकहि पुस्तक वाचलेलें नव्हतें.

पुढें त्या घरांत जी व्यवस्था झाली ती अशी. माजघराच्या खिडकीशीं एक लहान मेज मांडलें. त्यावर वही सदैव उघडी, आणि पेन दोरीनें बांधलेलें. वही कपाटांत ठेवावयाची नाहीं हा नियम, कारण या लोकांच्या बाबतींत जें डोळ्यांआड गेलें तें जगांतून गेलें. वेळ घड्याळाची न ठरवितां प्रसंगाची ठरविली: सकाळचा दुसरा चहा झाला कीं कप तेथेंच ठेवून मेजाशीं जावयाचें, कप दुसऱ्या कोणीं तरी विसळावयाचा. लिहावयाचीं मिनिटें वीस, अधिक नाहींत, आणि समोर कांट्यांचें घड्याळ, म्हणजे काळ डोळ्यांना दिसेल. मोबाइल तेवढा वेळ सासूबाईंच्या पोथीच्या पेटींत. आणि सासूबाई स्वतः शेजारीं भाजी निवडीत बसणार, एक अक्षरहि न बोलतां. शेवटची अट पाळणें सर्वांत कठीण गेलें असें मामंजींनीं आम्हांस खाजगींत सांगितलें. परंतु या मूक सोबतीचा गुण विलक्षण आहे. एकटे असतां न बसणारे पुष्कळ लोक, दुसरें माणूस जवळ आपापलें काम करीत असेल तर, बसूं शकतात.

या व्यवस्थेंतील प्रसंगाला प्रसंग बांधण्याची युक्ति शास्त्रानेंहि तपासलेली आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं दाखविलें कीं, ‘मी रोज लिहीन’ या संकल्पापेक्षां ‘अमुक घडलें कीं मी अमुक करीन’ हा संकल्प अधिक सिद्धीस जातो. आणि पुढें काटरीना गाव्रिलोव यांच्यासह २००८ सालीं केलेल्या प्रयोगांत अवधानदोष असलेल्या मुलांसहि अशा संकल्पाचा लाभ झाला. संवय जडावयास एकवीस दिवस लागतात अशी एक समजूत प्रचलित आहे. तिच्यावर विसंबूं नये. लंडनमध्यें फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं ९६ लोकांवर अभ्यास करून २०१० सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांत सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८, तर कोणास २५४ लागतील असें दिसलें. हीं सामान्य माणसें होतीं. आपल्या मनुष्यास अधिक काळ लागेल असेंच धरून चालावें. त्याच अभ्यासांत आढळलेली आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडत नाहीं. ज्याचे दिवस चुकणारच, त्याला व्रतभंगाची भीति घालणें म्हणजे व्रतच सोडावयास लावणें होय. वाईच्या घरीं चुकलेल्या दिवसाची चौकशी करावयाची नाहीं असें ठरलें होतें. पहिल्या वर्षांत सूनबाईंच्या चार गोष्टी पुऱ्या झाल्या. ट्रंकेंतल्या अकरा आरंभांपैकीं त्यांत एकहि नव्हता, चारी नव्या.

नाविन्य ओसरलें कीं या मनाचा उत्साहहि ओसरतो, हें ध्यानांत ठेवून जागा व वेळ तीच ठेवावी, परंतु वही, शाई, कागदाचा रंग खुशाल बदलूं द्यावा. तसेंच येरझारा घालणाऱ्यास बळेंच बसवूं नये. चालतांना कल्पना अधिक सुचतात असें स्टॅनफर्ड येथील २०१४ च्या प्रयोगांत आढळलें; आणि अवधानदोष असलेलीं मुलें हालचाल करतांना स्मरणाचें काम अधिक चांगलें करतात, असें फ्लॉरिडांतील अभ्यासकांनीं २०१५ मध्यें नमूद केलें. ‘बैठक’ या शब्दाचा अर्थ मांडी घालून बसणें एवढाच घेण्याचें कारण नाहीं.

आतां ध्यान. याविषयीं दोन गैरसमज आहेत: एक, ध्यान म्हणजे मनांत विचार न येणें, दुसरा, तें अर्धा-पाऊण तास केल्यावांचून फळत नाहीं. अवधानदोष असलेला मनुष्य या दोन अटी ऐकूनच पळून जातो, आणि तें योग्यच होय. लिडिया झिलोव्स्का यांनीं कॅलिफोर्नियांत २४ प्रौढ व ८ किशोर यांस आठ आठवडे ध्यान शिकविलें व त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांचा आरंभ अवघ्या पांच मिनिटांच्या बैठकीनें होई आणि तीहि हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंतच जाई. ज्यांस बसवत नसे त्यांनीं चालत ध्यान करावें अशी मोकळीक होती. बहुतेकांस कांहीं ना कांहीं सुधारणा वाटली, परंतु तो लहानसा प्राथमिक प्रयोग होता. अधिक काटेकोर प्रयोग हॉलंडमध्यें १२० प्रौढांवर झाला व २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या उपचारांस ध्यानाची जोड दिलेल्या गटांत शंभरीं सुमारें २७ जणांचीं लक्षणें ठळकपणें कमी झालीं. नुसत्या नेहमींच्या उपचारांवर असलेल्यांत असे सुमारें ४ च निघाले. लाभ आहे, पण शंभरांपैकीं त्र्याहात्तरांस तो तितका झाला नाहीं, हेंहि त्याच आकड्यांत लिहिलेलें आहे. ध्यानाचा बाजार मांडणारे हा दुसरा आकडा सांगत नाहींत.

कृति साधी आहे. रोजच्या मेजाशींच, लिहिण्याच्या आधीं, पाठ ताठ ठेवून बसावें; श्वास नाकपुडींत जातो-येतो तेथें लक्ष ठेवावें. तें चार श्वासांत सुटेल. सुटल्याचें जेव्हां ध्यानांत येईल तेव्हां न रागावतां तें परत आणावें. येथेंच मुख्य मर्म आहे. पुष्कळांस वाटतें कीं मन गेलें म्हणजे ध्यान बिघडलें. वस्तुतः ‘मन गेलें’ असें कळणें व तें परत आणणें हाच व्यायाम होय. पांच मिनिटांत मन पन्नास वेळां गेलें तर पन्नास वेळां परत आणण्याची संधि मिळाली. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो तेव्हां भगवान् ती खोटी ठरवीत नाहींत, ती मान्य करूनच अभ्यासाचा मार्ग सांगतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्यांच्या घरीं मुलांस संध्या शिकविली जाते त्यांना आसन, आचमन, प्राणायाम या क्रमाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. शरीर ठरलेल्या हालचाली करूं लागलें कीं मन मागून येतें.

लायडन येथें २०१२ सालीं केलेल्या एका लहान प्रयोगांत असें दिसलें कीं, एकाच बिंदूवर लक्ष धरण्याच्या ध्यानापेक्षां, जें जें मनांत येईल तें अलिप्तपणें पाहत राहण्याच्या ध्यानानंतर माणसांस नव्या कल्पना अधिक सुचल्या. म्हणून मन श्वासावर थोडें रमूं लागल्यावर शेवटचें एक मिनिट श्वास सोडून नुसतें पाहत बसावें, आणि लगेच लेखणी उचलावी. हा आमचा अनुभवाचा सल्ला आहे, त्याला प्रयोगाचें प्रमाणपत्र नाहीं.

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. यांपैकीं कशानेंहि वैद्याची गरज संपत नाहीं. निदान मानसोपचारतज्ज्ञानें किंवा या विषयांतील जाणत्या बालरोगतज्ज्ञानें करावयाचें. हा लेख वाचून शेजाऱ्याच्या मुलाचें निदान करूं नये. झोंपेचे विकार, चिंतारोग, थायरॉइडचे दोष यांनींहि अवधान बिघडतें. मेथिलफेनिडेट हें औषध १९४४ पासून ज्ञात आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनें व देखरेखीखालीं तें पुष्कळांस गुणकारी ठरतें. औषधानें कल्पनाशक्ति मरते या भीतीनें कित्येक घरांत तें बंद केलें जातें. परंतु वर सांगितलेल्या २०२० च्या आढाव्यांत असा एकंदर दुष्परिणाम आढळला नाहीं. घेतलेलें औषध ध्यानाच्या भरंवशावर स्वतःच्या मनानें सोडणें हें तर केव्हांहि करूं नये.

राहतां राहिला राजशेखराचा चौथा प्रहर. काम पुरें करणें हेंच या माणसांस सर्वांत जड जात असल्यामुळें तपासणीचें काम एकट्यावर टाकूं नये. राजशेखरहि तेथें निवडक मंडळींस बसूं देतो. मात्र नवें काव्य एकट्या-दुकट्या श्रोत्यापुढें वाचूं नये असें बजावतो, कारण तो उद्यां ‘हें माझेंच’ म्हणूं लागला तर साक्षीदार कोठून आणावयाचा! वाईच्या घरांत साक्षीदारांचा तोटा नाहीं. शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं आठवड्याचें लिखाण वाचलें जातें. श्रोते पांच. मामंजींस ऐकूं कमी येतें म्हणून ते अगदीं पुढें बसतात. सातवींतला मुलगा जेथें कंटाळतो तेथें उठून पाणी प्यावयास जातो, आणि सूनबाई त्या ओळीला पेन्सिलीनें खूण करून पुढें वाचूं लागतात.